पटाचा बैल आणि औताचा बैल

आपल्या भाषेंत 'घोडामैदान जवळच आहे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. कोणी आपल्या पराक्रमाची बढाई मारूं लागला म्हणजे आपण त्यास हें ऐकवितों, आणि ऐकवितांना एक सिद्धान्त मनांत गृहीत धरलेला असतो. तो असा कीं, प्राण्याचें, वस्तूचें किंवा माणसाचें खरें मोल मैदानांत ठरतें; घरीं, गोठ्यांत किंवा पागेंत जें चालतें ती नुसती पूर्वतयारी होय. पण याच भाषेंत 'रोज मरे त्याला कोण रडे' अशीही एक म्हण आहे. म्हण दुःखाविषयींची आहे खरी; परंतु ती गुणासही तितकीच लागू पडते. जो गुण रोज उठून नजरेस पडतो तो कांहीं काळानें दिसेनासा होतो, आणि त्याची आठवण तो नाहींसा झाल्यावरच होते. मैदानांत एकदां चमकणारा गुण मोठा, कीं घरांत रोज झिजणारा मोठा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत निराळ्या नांवांनीं येतो. लोक मात्र तो आपल्या व्यवहारांत रोज सोडवितात, आणि आमच्या मतें बहुधा घाईनें सोडवितात.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत, मेहकरहून मालेगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगांव आहे. तेथें आमचें जाणेंयेणें आहे, आणि तेथील पारावर हा प्रश्न आम्हीं दोन रूपांत ऐकला आहे. वडीलधारी मंडळी तो बैलांविषयीं बोलतात, तरुण मंडळी मोटारींविषयीं; आणि एकाच पारावर बसूनही आपला वाद एकच आहे हें दोन्ही पक्षांच्या ध्यानीं येत नाहीं.

वऱ्हाडांत बैलांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट तर साऱ्या विदर्भांत नांवाजलेला आहे. आखलेल्या पट्टीवर हलक्या गाडीस जुंपलेली जोडी धुरकरी सोडतो, धूळ उडते, आरोळी उठते आणि कांहीं सेकंदांत सर्व आटोपतें. या कांहीं सेकंदांकरितां पटाच्या बैलास वर्षभर सांभाळावें लागतें. सरकी आणि ढेप तर आहेच. त्यावर उडदाचें पीठ, दूध, अंडीं. त्यास नांगरास लावीत नाहींत, कारण ओढीच्या कामानें चाल बिघडते असें जाणते सांगतात. घरच्या मुलांस त्याच्या जवळ फिरकूं देत नाहींत. औताच्या बैलाची गोष्ट निराळी. त्याचा गुण पाहावयाचा तर आषाढ-श्रावणांत डवरणीच्या वेळीं पाहावा. पिकाच्या दोन ओळींमधून डवरा न्यावयाचा, आणि तो नेतांना एकाही रोपावर पाय पडूं द्यावयाचा नाहीं. तोंडास मुसकें असतें. डावीउजवीकडे हिरवें पीक डोलत असतें. वेग वाढला तर रोपें तुटतात, कमी झाला तर गवत राहतें. धुऱ्याशीं आल्यावर चांगला बैल सांगण्याची वाट न पाहतां आपण होऊन वळतो. हें सकाळपासून दुपारपर्यंत, आणि ऊन कलल्यावर पुन्हा. या कामास कोणी घड्याळ लावीत नाहीं, आणि तें पाहावयास कोणी जमतही नाहीं.

एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस दोहोंतील भेद दोन वाक्यांत सांगितला. "पाहा सर, पटाचा बैल म्हंजे जावाई, आला त दिवाळी, अन् रुसला त साऱ्या घराले ताप. औताचा बैल म्हंजे घरचा लेक. त्याले जेवला का म्हून कोनी पुसत नाई."

हें ऐकून वाचकांचें मन लेकाकडे झुकेल. आमचेंही झुकतें. परंतु मन ज्या बाजूस आपोआप झुकतें त्या बाजूचा न्याय तपासून घ्यावा, ही शिस्त आम्हांस आमच्या व्यवसायानें लावली आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागांत दोन वचनें थोड्या अंतरानें आलीं आहेत. एका ठिकाणीं तो म्हणतो कीं, ऑलिंपियाच्या मैदानावर मुकुट मिळतो तो सर्वांत देखण्या किंवा बलवान् मनुष्यास नव्हे, तर जे प्रत्यक्ष स्पर्धेंत उतरतात त्यांच्यापैकीं विजयी होणाऱ्यास. अंगीं बळ असून जो घरीं निजून राहिला त्याचें कौतुक कशास? दुसऱ्या ठिकाणीं तो म्हणतो कीं, एक पाकोळी दिसल्यानें वसंत येत नाहीं, आणि एका दिवसाच्या वैभवानें मनुष्य कृतार्थ ठरत नाहीं. त्यास पुरें आयुष्य लागतें. पहिलें वचन पटाच्या बाजूचें, दुसरें औताच्या. एकाच शहाण्या मनुष्यास दोन्ही लिहावींसें वाटलें, यावरून प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

पटाच्या बाजूनें एक गोष्ट निर्विवाद आहे. रोजच्या कामांत प्राण्याची किंवा यंत्राची परमावधि कधींच दिसत नाहीं. डवरणीच्या बैलास आपल्या बळाचा लहानसा अंशच वापरावा लागतो. उरलेला त्याच्या अंगांत आहे कीं नाहीं, हें कळावयास कांहीं साधन नको काय? मैदान हें साधन आहे. तें निर्दय असतें, पण खोटें बोलत नाहीं. मात्र तें एकाच प्रश्नाचें उत्तर देतें, आणि लोक त्यास दहा प्रश्नांचें उत्तर समजून घरीं जातात.

याचें चांगलें उदाहरण तरुणांच्या मोटारींत आहे. ज्या मोटारी ते पारावर तोलतात त्यांतील एकही डोणगांवांत नाहीं, आणि आलीच तर पहिल्या गतिरोधकावर तिचें पोट घासल्यावांचून राहणार नाहीं. पण त्यांचीं चरित्रें या मुलांस तोंडपाठ आहेत. या जातीच्या मोटारीस कूपे म्हणतात: दोन दारें, मागें उतरत गेलेलें छप्पर, आणि पाठीमागें असलीच तर नांवापुरती बैठक. जर्मनींत न्यूर्बुर्गरिंग नांवाची सुमारें २० किलोमीटर लांबीची, चढउतारांची आणि वळणांची धांवपट्टी आहे, आणि अशा मोटारींचा मान तेथील फेऱ्याच्या वेळेवर ठरविण्याचा प्रघात पडला आहे. सन २००८ मध्यें निस्सान या जपानी कंपनीनें जाहीर केलें कीं, आपली जी-टी-आर ही मोटार तेथील फेरा ७ मिनिटें २९ सेकंदांत पुरा करते. पोर्शे या जर्मन कंपनीची ९११ ही मोटार सन १९६३ पासून या क्षेत्रांत मिरवीत आलेली. शिवाय ती जी-टी-आर पेक्षां पुष्कळ महाग. पोर्शेस हा आंकडा पटला नाहीं. तिनें ती जपानी मोटार स्वतः विकत घेतली, आपल्या चालकाकडून त्याच पट्टीवर चालविली, आणि फेऱ्यास ७ मिनिटें ५४ सेकंद लागले असें सांगितलें. मग टायर कोणते होते, चालकास त्या मोटारीची सवय किती होती, मोटार दुकानांत मिळते तशीच होती कीं खास सजविलेली, यावर जगभर वाद माजला. एका यंत्राचे गुण मोजावयास निघालेले दोन पक्ष २५ सेकंदांच्या खाईच्या दोन कांठांवर उभे राहिले.

आम्हांस या प्रकरणाचा पुढचा भाग अधिक विचारणीय वाटतो. त्या जपानी मोटारींत जागेवरून झेपावून सुटण्याची एक युक्ति बसविलेली होती, आणि तिची कीर्ति मोठी होती. पण पहिल्या वर्षांच्या मोटारींत ही युक्ति वापरावयाची तर मोटारीचा तोल सांभाळणारी यंत्रणा बंद करावी लागे. आणि ती बंद असतांना गतिचक्रांस इजा झाली तर हमी लागू राहणार नाहीं, अशी अट मालकाच्या पुस्तिकेंत होती. अमेरिकेंतील पहिल्या मालकांत यावरून बराच खल झाला. म्हणजे ज्या गुणाची दवंडी पिटून वस्तु विकली, तो गुण वापरला तर विकणारा जबाबदार नाहीं! कंपनीस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परमावधीचें बळ रोज वापरलें तर यंत्र मोडणारच. परंतु मैदानांतील वस्तु आणि मालकीची वस्तु यांतील अंतर इतक्या प्रामाणिकपणें क्वचितच छापलें गेलें असेल.

याच मेहकर तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजीं शेवटपर्यंत खुला झाला. ताशीं १५० किलोमीटर वेगाच्या हिशेबानें तो आखलेला आहे, आणि मोटारींस परवानगी ताशीं १२० ची आहे. न्यूर्बुर्गरिंग गाजविणारी मोटार येथें आणली तरी तिनें १२० नेंच जावयाचें, आणि तिच्या शेजारून एखाद्या शिक्षकाची साधी मोटारही १२० नेंच जाणार. मग त्या मोटारीच्या मालकाजवळ आहे तरी काय? न वापरतां येणारें सामर्थ्य. हें सामर्थ्य 'आहे' असें म्हणावें कीं नाहीं?

हा प्रश्न हास्यास्पद वाटल्यास वाचकांनीं थोडें थांबावें. आपल्या देशांतील तीक्ष्ण बुद्धीच्या माणसांनीं यावर शतकेंच्या शतकें डोकें झिजविलें आहे. विक्रमशिलेच्या विद्यापीठांतील ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ति या बौद्ध पंडितांचें म्हणणें असें कीं, जें खरोखर समर्थ आहे तें कार्य करण्यास विलंब लावीत नाहीं. कोठारांतील बीं जर अंकुर फोडण्यास समर्थ असेल तर तें कोठारांतच कां फुटत नाहीं? फुटत नाहीं, अर्थात् तें समर्थ नाहीं. शेतांत जें फुटलें तें बीं निराळें. यावर नैयायिक उदयनाचार्यांनीं 'आत्मतत्त्वविवेक' या ग्रंथांत उत्तर दिलें. बीं तेंच आहे. माती, पाणी इत्यादि सहकारी कारणांची तें वाट पाहत होतें, तीं मिळतांच फुटलें. वाट पाहणें म्हणजे असमर्थ असणें नव्हे.

वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें हा वाद ऐकला तर तो उदयनाचार्यांस मत देईल, कारण कोठारांतील बियाण्यावर त्याचा पुढला हंगाम अवलंबून असतो. आम्हीही तेंच मत देतों. पण त्याबरोबर एक गोष्ट पदरांत घ्यावी लागते. सामर्थ्य जर सहकारी कारणांवांचून प्रकट होत नसेल तर मैदानावरचा विजय एकट्या बैलाचा नव्हे. पहांटे उठून त्यास चारणारी घरची बाई, त्याचे खूर पाहणारा गडी, धुरकऱ्याचा हात, त्या दिवशींची जमीन, हीं सर्व त्या विजयाचीं वाटेकरी आहेत, जसे त्या ७ मिनिटें २९ सेकंदांचे वाटेकरी टायर आणि चालक होते. आणि औताच्या बैलाचा शांतपणा तरी त्याचा एकट्याचा काय? तापट माणसाच्या हातीं दिलेला गरीब बैल दोन वर्षांत मारका होतो, हें गांवांत कोणीही सांगेल. मैदान वस्तूची परीक्षा करतें असें आपण म्हणतों. घरांत मात्र वस्तु मालकाची परीक्षा करते. आणि या दुसऱ्या परीक्षेचा निकाल कोठें छापला जात नाहीं, म्हणून ती देण्याचा आळस सुखानें करतां येतो.

बैलाच्या बाबतींत हा आळस अधिक दोषास्पद आहे, कारण मोटारीस दुखत नाहीं. शर्यतींचा प्रश्न न्यायालयांत गेला तो याच कारणानें. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं अशा शर्यतींस बंदी केली. बैल हा शरीररचनेनें शर्यतींत धांवण्याकरितां घडलेला प्राणी नव्हे, असा विचार त्या निकालांत होता. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींसह शर्यती पुन्हा सुरू करण्यास मुभा मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. चाबूक, पराणी, शेपूट पिरगाळणें यांवरील बंदी योग्यच आहे, आणि ती पाळली जावी. पण या सर्व वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पटाच्या दिवशीं बैलास होणाऱ्या क्लेशांवर सर्वांनीं वाद केला. जुंवाखालीं वर्षानुवर्षें सोललेल्या खांद्यावर कोणी केला नाहीं. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं त्या खांद्यास तूप-हळद चोळून शेकतात, दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आवतण देतात. फार सुंदर चाल आहे. परंतु पोळा तरी काय, तो औताच्या बैलाचा पटच होय. वर्षांतील एक दिवस, आणि तोही लोकांसमोर मिरविण्याचा.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं बैल असतील, आणि कूपे मोटार बहुधा एकाच्याही नसेल. तरी हा प्रश्न त्यांच्या घरांत शिरलेला आहे. वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा सुमारें तीन तासांची असते. त्या तीन तासांकरितां मुलास दोन वर्षें लातुरास किंवा त्याहून दूर ठेवतात. त्यास बाजारास पाठवीत नाहींत, लग्नकार्यास नेत नाहींत, आजीच्या आजारपणांत तिच्या उशाशीं बसूं देत नाहींत. चाल बिघडते ना! परीक्षा नसावी असें आमचें म्हणणें नाहीं. हजारों मुलांतून कांहींशें निवडावयाचीं तर पट आंखावाच लागतो, आणि वशिल्यापेक्षां घड्याळ पुष्कळ बरें. गरिबाच्या मुलास तेवढीच एक दाद आहे. पण निवडलेल्या मुलास पुढें चाळीस वर्षें जें करावयाचें तें डवरणीच्या जातीचें काम आहे. रोज शंभर रोगी पाहावयाचे, शंभराव्यासही पहिल्यासारखें विचारावयाचें, आणि घाईंत कोणाच्या अंगावर पाय पडूं द्यावयाचा नाहीं. आजीच्या उशाशीं बसण्यांत जें शिकतां आलें असतें तेंच त्यास तेथें लागणार असतें. आम्हीं वर्षानुवर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि सर्वांत अधिक गुणांचे विद्यार्थी आम्हांस प्रियही होते. परंतु ज्या विद्यार्थ्यांच्या हातीं आपलें दुखणें किंवा आपला दस्तऐवज निःशंकपणें द्यावा असें आज वाटतें, त्यांचीं नांवें आठवूं लागलों म्हणजे गुणपत्रकाचा क्रम कामास येत नाहीं. उलटही येत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. मंदपणा म्हणजे सद्गुण नव्हे, आणि पटांत हरलेला प्रत्येक बैल औतास चांगला निघतो असेंही नाहीं.

येथपर्यंत पाल्हाळ केल्यावर औताच्या बाजूनें निकाल द्यावा, असें वाचकांस वाटेल. त्यांत एक अडचण आहे, आणि ती गेल्या कांहीं वर्षांत गांवोगांव उभी राहिली आहे. नांगरणी, पेरणी, मळणी हीं कामें यंत्रानें होऊं लागलीं. डवरणी बरीचशी तणनाशकांनीं बंद केली. ज्या औताच्या बैलाचें आम्हीं वर्णन केलें तो गोठ्यांतून निघून जात आहे, आणि पटाचा बैल मात्र राहिला आहे. घोड्याचें असेंच झालें. टांगा आणि रपेट गेली. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सन १८८३ पासूनची शर्यत उरली. उपयोग हें ज्याच्या अस्तित्वाचें एकमेव कारण, त्याहून उपयोगी वस्तु आली कीं त्याचें काम संपलें. लेक लेक म्हणून ज्याचें कौतुक केलें, त्यास ट्रॅक्टर आल्याबरोबर दावें सोडून बाजार दाखविला. जांवयाचा मान मात्र चालू आहे. शर्यतीमुळें देशी गुरांचे वंश टिकतात, असें शर्यतीचे पुरस्कर्ते म्हणतात, त्यांत या कारणानें कांहीं तथ्य मानावें लागतें. परंतु पटाच्या बैलानेंही फार हर्ष मानूं नये. त्याची वेळ अर्ध्या सेकंदानें वाढली म्हणजे त्याचाही मान संपतो. एकास वेगानें मोजलें, दुसऱ्यास कामानें. मोजणारा हात एकच.

बैल विकत घेतांना दांत पाहतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग शिंगें, खूर, भोवरा. मग जुंपून पाहतात. या सर्व तपासांत विकणाऱ्यास विचारण्याजोगा एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं: हा थकल्यावर तुम्हीं याचें काय केलें असतें? सन २०१५ पासून महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे; पण म्हाताऱ्या बैलास रोज कडबा आणि कुटार कोणी घालावें, हें सांगणें कायद्याच्या आवाक्यांतलें नाहीं. डोणगांवांत ज्यांच्या दारीं ट्रॅक्टर उभा आहे अशा कांहीं घरीं एखादा थकलेला बैल अजून दाव्याशीं बांधलेला दिसतो. तो पटांत कधीं गेलेला नाहीं, आणि आतां औतासही जात नाहीं. हा कशास ठेवला, असें विचारलें तर मालक थोडासा लाजतो, ट्रॅक्टरकडे पाहतो, आणि "राहू द्या ना सर, हाये त हाये," एवढें म्हणून बादली उचलतो.